रतनगड ते राजमहेंद्री

शाळेच्या भूगोलात नदीला दोनच ओळी मिळतात. अमुक डोंगरात उगम पावते, तमुक समुद्राला मिळते. मधली माणसे त्यात नसतात. आणि आपली पाण्याची सारी भांडणे नेमकी या मधल्या प्रदेशात चालतात.

प्रवरेचेच पाहा. रतनगडाच्या माथ्यावरचा पाऊस पश्चिमेला घसरला, तर कोकणातून अरबी समुद्राला जातो. पूर्वेला वळला, तर प्रवरा होतो. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणात विसावतो, रंधा धबधब्यावरून उतरतो, निळवंड्याला पुन्हा अडतो आणि अकोले, संगमनेर मागे टाकून ज्ञानेश्वरीच्या नेवाशाला पोचतो. प्रवरासंगमला गोदावरी भेटते. मग पैठणचे जायकवाडी, नांदेड, तेलंगण आणि राजमहेंद्रीच्या खाली बंगालचा उपसागर.

वर घाटघरला पाऊस हजारो मिलिमीटरांत मोजतात. नेवाशाच्या शिवारात पाचसहाशेवर समाधान मानावे लागते. म्हणजे खालच्या शेताचा पाऊस वरच्या डोंगरात पडतो. माझा जन्म बँकेच्या खातेवह्यांत गेला. संयुक्त खात्यात प्रत्येकाला आपण भरलेलेच तेवढे आठवते. इथे तर भरणा एकट्या डोंगराचा. आपण सगळे नुसते काढणारे!

२००५ च्या कायद्याने खोऱ्यातल्या धरणांत समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले. त्यानुसार नोव्हेंबर २०२३ मध्ये वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडले गेले. वरचे म्हणाले, आमचे पाणी नेले. खालचे म्हणाले, आमचे पाणी अडवले होते. ‘आमचे’ हा शब्द दोघांचाही.

आणि ज्यांच्या दारात हा पाऊस कोसळतो, त्या अकोले तालुक्यातल्या आदिवासी वाड्यांवर उन्हाळ्यात हंडे घेऊन पायपीट चालते. वाटपाच्या वादात त्यांचे नाव क्वचितच निघते. समुद्राचे तर कधीच नाही. त्याला मिळालेले पाणी वाया गेले, असे आपण खुशाल म्हणतो. पण नदीने नेलेल्या गाळावरच गोदावरीच्या मुखाची भातशेते उभी आहेत. तो गाळ धरणांत अडकला, की तिथला किनारा खचतो.

म्हणून वाटपाचा क्रम उगमापासून लावावा. आधी डोंगरातल्या वाड्यांचे पिणे, मग खोऱ्यातल्या सर्वांचे. नंतर शेती, आणि उसाला ठिबकानेच. समुद्राचाही वाटा हिशेबात धरावा. मुलांना नदी शिकवताना या मधल्या गावांची नावेही पाठ करून घ्यावीत. ज्याचे नाव ठाऊक असते, त्याच्या तहानेकडे पाठ फिरवणे जरा जड जाते.