2+ म्हणजे दुसरी स्टेज नव्हे

मागच्या महिन्यात आमच्या एका विद्यार्थ्याच्या खाला परंड्याहून घरी आल्या. पिशवीत कागदच कागद. छातीतल्या गाठीच्या तपासणीवर लिहिले होते, 'हर-टू 2+'. घरच्यांनी अर्थ लावला, दुसरी स्टेज. खाला आठवडाभर जेवल्या नव्हत्या.

हर-टू हे पेशीवरचे एक प्रथिन. ते जास्त झाले की गाठ झपाट्याने वाढते. रंग लावून त्याला 0 ते 3+ असे गुण देतात. 0 आणि 1+ म्हणजे नाही, 3+ म्हणजे आहे. 2+ म्हणजे रंगावरून ठरत नाही, जनुकच मोजून पाहा. त्या तपासणीला फिश म्हणतात. (माशाशी संबंध नाही, खालांनी विचारले होते!)

वहीचे पान फाडले तर त्याची कड दुसऱ्या अर्ध्या पानालाच जुळते. डीएनएचेही तसेच. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. त्याचा पातळ काप काचेवर घेऊन गरम करतात, तेव्हा डीएनएचे दोन धागे सुटतात. मग चमकणारा रंग जोडलेला डीएनएचा तुकडा त्यावर सोडतात. रात्रभरात तो आपली जोडी शोधून चिकटतो. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली जनुक लाल ठिपक्यासारखे दिसते, आणि ज्या 17 नंबरच्या गुणसूत्रावर ते असते, त्याची खूण हिरवी. निरोगी पेशीत दोन लाल, दोन हिरवे. जनुक वाढले असेल तर लाल ठिपके ज्वारीच्या कणसासारखे दाटतात. तसे निघाले तर ट्रास्टुझुमॅब हे औषध लागू पडते. नसेल तर ते महागडे इंजेक्शन उगाच घ्यायचे नाही.

रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये 9 आणि 22 नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. तिथे लाल-हिरवे एकत्र येऊन पिवळे दिसतात.

आपल्याकडे बार्शीच्या कॅन्सर नोंदणीत 1987 पासून परंडा आणि भूमच्या गावांचीही नोंद होते. ग्रामीण भागातली देशातली ती पहिलीच. तरी आपल्या बायका गाठ लपवतात, हे आम्हाला खटकते.

खालांचा मुलगा नुसता रिपोर्ट घेऊन पुढच्या दवाखान्यात गेला. ठोकळा पहिल्याच लॅबमध्ये राहिला. दोन चकरा, दहा दिवस वाया. भगिनींनो, ऑपरेशननंतर ठोकळा आणि काचा मागून घ्या, पावती जपा. ठोकळा घरी ठेवायचा असेल तर उन्हात नको, मेण वितळते.

खालांचा ठोकळा आता पोचला आहे. निकाल यायचा आहे.