मुंबईमागचे मुळशी



‘मुंबई समुद्राने घडवली’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटा कंपनीने मुळशीला धरण बांधले. पुण्याकडे वाहणारी मुळा तिथे अडली. तिचे पाणी सह्याद्रीचा कडा उतरून भिऱ्याच्या वीजगृहात पडते आणि कुंडलिकेतून रोह्यावरून अरबी समुद्राला मिळते. जमिनी बुडू नयेत म्हणून १९२१च्या रामनवमीला मावळातले शेतकरी, बायाबापड्यांसह, धरणाच्या पायावर जाऊन बसले. त्यांचे नेते सेनापती बापट यांनी तुरुंगवास सोसला, तरी भातखाचरे आणि राहती घरे बुडालीच. मुंबईच्या इतिहासात या बुडालेल्या गावांची नावे का नसावीत? आता पुणेही हेच पाणी मागते आहे. वाटप ठरवताना पहिला हक्क धरणकाठच्या वाड्यावस्त्यांचा धरावा.

– एक वाचक, पौड (ता. मुळशी)