विश्लेषण : सराव जिवावर बेततो तेव्हा… ‘स्ट्रेंथ कोच’ची जबाबदारी किती?

मावळातील सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, म्हणजे एनडीआरएफच्या, 5व्या बटालियनचा तळ आहे. या दलात जवान केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात. त्या दलांच्या भरतीत पुरुष उमेदवाराला 5 किलोमीटर अंतर 24 मिनिटांत कापावे लागते. त्यासाठी मुलांना पळवून घेणारा जे काम करतो, तेच अमेरिकेच्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये ‘स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच’ करतो. तिथे त्याची बरीच झाडाझडती झाली आहे.

हा प्रशिक्षक नेमके काय करतो?

हे फुटबॉल हेल्मेट घालून खेळायचे, अमेरिकी. त्यातले डावपेच मुख्य प्रशिक्षक शिकवतो. वजने, धावणे, दमसास आणि दुखापतीनंतरची तयारी याच्याकडे. नेब्रास्का विद्यापीठाने 1969 मध्ये बॉइड एप्ली यांना या कामासाठी नेमले, पुढे इतरांनी तोच कित्ता गिरवला. हंगाम संपला की मुख्य प्रशिक्षकाच्या सरावावर मर्यादा येतात आणि खेळाडू याच्या ताब्यात जातात. त्याची नोकरी मात्र बहुधा मुख्य प्रशिक्षकाच्याच मर्जीवर. गोची इथेच आहे : ‘आज थांबू या’ असे तो कोणाच्या भरवशावर म्हणणार?

मेरिलँडमध्ये काय घडले?

29 मे 2018 रोजी मेरिलँड विद्यापीठाच्या सरावात 110 यार्डांच्या सलग धावा सुरू होत्या. 19 वर्षांचा जॉर्डन मॅकनेअर कोसळला आणि 13 जूनला उष्माघाताने गेला. त्याला बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड केलेच नव्हते, असे स्वतंत्र चौकशीत आढळले. रुग्णवाहिका बोलावण्यातही तासाहून अधिक वेळ गेला. स्ट्रेंथ कोच रिक कोर्ट यांनी ऑगस्टमध्ये पद सोडले, तर मुख्य प्रशिक्षक डी. जे. डर्किन यांना ऑक्टोबरअखेर काढण्यात आले.

आपल्याकडे काय?

जून 2014 मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या 5 किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही तरुणांचे प्राण गेले. आता शिपाई पदासाठी पुरुषांना 1600 मीटर धावावे लागते. अंतर घटले, पण तयारी करून घेणाऱ्याकडे कोणाचे लक्ष गेले? अकादमीत मुलाला घालताना पालक फी विचारतात, किती जण ‘लागले’ ते विचारतात. उन्हात पोरगा पडला तर पहिल्या अर्ध्या तासात काय करणार, हे क्वचितच विचारले जाते.

मग करायचे काय?

उष्माघातात नियम साधा आहे : आधी थंड करा, मग रुग्णालयात हलवा. त्यासाठी हौदच हवा असे नाही. ताडपत्रीवर मुलाला निजवायचे, कडा चार-पाच जणांनी उचलून धरायच्या, आत पाणी आणि बर्फ ओतून हलवत राहायचे. पावसाळ्यासाठी ताडपत्री मावळात घरोघरी असते. उन्हाळ्यात ती मैदानावर न्यायची आणि जवळच बर्फाची पेटी ठेवायची.