रेपो उतरवून कर्जे वाढत नाहीत

पतधोरण जवळ आले की एकच मागणी सुरू होते: रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे उसने देते तो) उतरवा, म्हणजे बँकांची कर्जे वाढतील. उद्योजकांच्या संघटना ती लावून धरतात, अग्रलेख तिला दुजोरा देतात. आपल्याकडचा ताजा इतिहास मात्र या मागणीच्या बाजूने साक्ष देत नाही.

फेब्रुवारी 2019 ते मे 2020 या काळात रेपो 6.50 वरून 4 टक्क्यांवर आला. 2019-20 आणि 2020-21 या दोन्ही वर्षांत कर्जवाढ सहा टक्क्यांच्या आसपासच राहिली. दोष कोविडला देता येणार नाही. 2019 मध्ये पाच वेळा दर उतरले, तरी महामारीपूर्वीच कर्जे मंदावली होती. पुढे मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो पुन्हा 6.50 वर चढला आणि 2022-23 मध्ये कर्जे सुमारे 15 टक्क्यांनी वाढली. बँका कपात ग्राहकापर्यंत पोचू देत नाहीत, हा आक्षेप एके काळी खरा होता. पण ऑक्टोबर 2019 पासून बदलत्या दराची नवी गृहकर्जे आणि लघुउद्योगांची कर्जे रेपोसारख्या बाह्य मानदंडाला जोडली गेली. तरीही पुढच्या वर्षी कर्जवाढ उचलली नाही.

मग कर्ज वाढते कशाने? आधी बँकेच्या ताळेबंदाने. रिझर्व्ह बँकेने 2015 मध्ये बँकांच्या कर्जांची तपासणी केल्यावर लपलेली थकबाकी उघडी पडली. मार्च 2018 मध्ये देशातील बँकांचा ढोबळ एनपीए, म्हणजे एकूण कर्जांतील थकीत कर्जांचा वाटा, 11 टक्क्यांवर गेला. पुण्याच्या बँक ऑफ महाराष्ट्रचा तर 19 टक्क्यांवर. तिच्यावर 2017 मध्येच रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले होते. सरकारने भांडवल घातले, जुनी थकीत कर्जे निस्तरली गेली, जानेवारी 2019 मध्ये निर्बंध उठले. 2020-21 पासून सलग तीन वर्षे हीच बँक कर्जवाढीत सरकारी बँकांच्या पुढे राहिली. रेपो तर सगळ्यांना सारखाच होता! ताळेबंदाच्या जोडीला भीतीही असते: बुडीत खात्यांच्या चौकशा चालू असताना कोणता शाखाधिकारी नव्या प्रस्तावावर निर्धास्तपणे सही करील?

नियमांचाही जोर मोठा. नोव्हेंबर 2023 मध्ये विनातारण ग्राहककर्जांचे जोखीमभारांक 100 वरून 125 टक्के झाले, म्हणजे त्यांच्यासाठी बँकांना जास्त भांडवल राखावे लागले. रेपोला हात न लावता ती कर्जे मंदावली. शिवाय ठेवी हव्यात, आणि कारखानदाराच्या हाती ऑर्डरी हव्यात.

व्याज गौण आहे असे नाही. घर घेणाऱ्याला अर्धा टक्काही जाणवतो. पण उद्योजक संघटनांनी आपले वजन दरकपातीमागे घालण्यापेक्षा वेळेवर वसुली, पुरेसे भांडवल आणि प्रामाणिकपणे कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण या मागण्यांमागे घालावे.