लहान मुलाचा सांधा सुजला, तर दाखवायचे कोणाला?

"डॉक्टर, एवढ्याशा पोरीला कुठला आलाय संधिवात? तो आमच्यासारख्या म्हाताऱ्यांचा आजार!" कोरेगाव बाजूच्या एका आजींनी मला हे ऐकवले तेव्हा त्यांच्या मांडीवर चार वर्षांची नात बसली होती. उजवा गुडघा सुजलेला. सकाळी उठली की लंगडायची, दहा-अकरा वाजले की अंगणात पळायची. घरच्यांनी अर्थ काढला, बालवाडीचा कंटाळा. तीन महिन्यांत लेप लावून झाला, साताऱ्यात एक्स-रे झाला. मामा सांगलीला म्हणून तिकडच्या एका दवाखान्यात नेले, तर तिथे पायाला प्लास्टर घातले. ते काढले तेव्हा मांडी बारीक झालेली आणि सूज होती तिथेच.

आजींचा समज अनेकांचा आहे, पण तो चुकीचा आहे. सोळा वर्षांच्या आतील मुलाचा सांधा सहा आठवड्यांहून अधिक काळ सुजलेला राहिला आणि दुसरे कारण सापडले नाही, तर त्याला बालसंधिवात म्हणतात. लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १८९७ मध्येच मुलांच्या या आजाराचे वर्णन करून ठेवले आहे. सकाळचा आखडलेपणा ही त्याची मोठी खूण. मूल दुखते म्हणून रडेलच असे नाही.

"दुसरे कारण सापडले नाही तर" हे शब्द मात्र पालकांनी नीट लक्षात घ्यावेत. सांध्याचा क्षय, हृदयाच्या झडपांना धक्का लावणारा संधिवाताचा ताप, क्वचित ब्लड कॅन्सरसुद्धा सांधेदुखीच्या रूपाने समोर येतो. म्हणूनच माझे स्पष्ट मत आहे की, पहिली पायरी बालरोगतज्ज्ञाची असावी, हाडांच्या डॉक्टरांची नव्हे. माझे अस्थिरोगतज्ज्ञ मित्र रागावतील. पण आजार गुडघ्यात दिसला तरी तो साऱ्या शरीराचा असतो. अपवाद एकच. ताप आहे, एकच सांधा गरम झालाय आणि मूल हात लावू देत नाही, तर सांध्यात पू असू शकतो. अशा वेळी तज्ज्ञ निवडत बसू नये, त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

बालरोगतज्ज्ञाला संशय आला की पुढे संधिवाततज्ज्ञ, म्हणजे रूमॅटॉलॉजिस्ट. लहान मुलांच्या सांध्यांचा खास अभ्यास असलेले तज्ज्ञ थोडे आहेत आणि ते मुख्यतः पुण्या-मुंबईकडे. तिथे जाण्याआधी "आर.ए. निगेटिव्ह आला, म्हणजे संधिवात नाही" असे कोणी म्हटले तर विश्वास ठेवू नका. बालसंधिवाताच्या बहुतेक मुलांत ती तपासणी निगेटिव्हच येते. नुसता ए.एस.ओ. वाढला म्हणून वर्षानुवर्षे पेनिसिलिनची इंजेक्शने घेणारी मुलेही मी पाहिली आहेत. निदानाआधीच स्टिरॉइडची गोळी सुरू करणाऱ्यापासून तर दूरच राहावे. सूज झटकन उतरते, घरचे खूश होतात. पण आत ब्लड कॅन्सर असेल तर तोही काही काळ झाकला जातो.

चांगला डॉक्टर कसा ओळखावा, असे मला विचारतात. दुखतो तो गुडघा सोडून बाकीचे सांधेही जो तपासतो आणि "डोळे दाखवलेत का?" असे जो विचारतो, तो माझ्या लेखी चांगला.

हे मी चुकून शिकलो. उमेदीच्या काळात एका मुलीचा गुडघा बरा केला आणि स्वतःवर खूश झालो. पुढे शाळेच्या तपासणीत तिची एका डोळ्याची नजर अधू निघाली. या आजारात डोळ्याच्या आत सूज येते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल काही सांगत नाही. नेत्रतज्ज्ञाकडच्या स्लिट लॅम्पखालीच ती दिसते. लहान मुलींना धोका अधिक, त्यांना बहुधा दर तीन महिन्यांनी तपासावे लागते. मी तिला पाठवलेच नव्हते.

यासाठी दर वेळी पुण्याला पळायला नको. सर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल काढल्यापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव आहे. कऱ्हाडलाही सोयी आहेत. मोठ्या तज्ज्ञाने औषध ठरवावे, मधल्या तपासण्या जवळ व्हाव्यात. मात्र "आमच्या गावच्या डॉक्टरांना चिठ्ठी द्याल का?" हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे आणि सगळे कागद एका फाईलमध्ये ठेवावेत.

ती चिमुरडी आता मेथोट्रेक्सेटवर आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज दिली तर जिवावर बेतते. आजींनी कालनिर्णयवर प्रत्येक रविवारी लाल गोल केला आहे. रक्ततपासणी साताऱ्यातच होते. डोळ्यांच्या तपासणीसाठी मिरजेची पुढची तारीखही त्याच पानावर लिहिलेली आहे.