होर्डिंगच्या पायाचे काय?

सानपाड्यात आमच्या सर्व्हिस रोडला या आठवड्यात नव्या होर्डिंगसाठी खड्डे खणले. तळाशी पाणी साचलेले. ते उपसण्याचीही तसदी न घेता त्यात काँक्रीट ओतले जात होते. विचारले तर उत्तर मिळाले, ‘काका, लोखंड एकदम दणकट आहे, सर्टिफिकेट मिळणार आहे.’ म्हणजे पाया गाडून झाल्यावर!

घाटकोपरचे १२० बाय १२० फुटांचे धूड १३ मे २०२४ ला पडले, १७ जण गेले. लोखंड तिथेही कमी नव्हते. पाया अपुरा होता, असे मुंबईच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या तज्ज्ञांनी सांगितले. ताशी ४९ किलोमीटरचा वारा सोसेल एवढीच त्याची ताकद, हवी होती १५८ ची. लोक याचा अर्थ ‘एक तृतीयांश’ असा घेतात. तो चूक आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हिशेब केला तर लागणाऱ्या ताकदीचा दहावा हिस्सासुद्धा तिथे नव्हता! दहावा हिस्सा! आणि खापर फुटले वादळावर. त्या दिवशीचा वारा ताशी ८७ किलोमीटर होता. मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर, म्हणजेच ताशी १५८ किलोमीटर वारा धरा, हे ‘आयएस ८७५’ या भारतीय मानकात छापलेले आहे.

नोकरीत असताना साताऱ्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या पायांची कामे मी केली आहेत. उंच सांगाड्यावर वारा आदळला की तो पायासकट उलथू पाहतो; त्याला धरून ठेवते ते पायाचे वजन आणि रुंदी. आजच्या मोठ्या पवनचक्कीचा पाया पंधरा-वीस मीटर रुंद असतो. काँक्रीट एका दमात, रात्र झाली तरी न थांबता ओततात. मध्ये खंड पडला, खालचा थर आळला, की सांधा राहतो. त्यातून पाणी शिरते, सतत हेलकावे बसून भेगा वाढतात, अँकर बोल्ट ढिले होतात. तिथे निदान खाली कातळ होता. इथे खाडीचा गाळ आणि वर भराव, तरी माती परीक्षणाचे नाव नाही.

पाया बुजल्यावर दिलेले स्थैर्य प्रमाणपत्र म्हणजे रद्दी. सळ्या बांधून झाल्यावर, काँक्रीट ओतण्यापूर्वी सरकारी अभियंत्याने खड्ड्यात उतरून मोजमाप घ्यावे, फोटो काढावेत आणि नकाशासह ते जागेवर लावावेत. यासाठी नवा कायदा लागत नाही. चार मजली इमारतीच्या पायाला जे चालते तेच इथे चालवा.

आणि त्याच होर्डिंगसमोरचे दोन सोनमोहोर गेल्याच महिन्यात शेंड्यापासून बोडके केले गेले. पावसाळ्यापूर्वीची छाटणी म्हणे! धोकादायक फांद्या नेमक्या जाहिरातीच्या आड येणाऱ्याच कशा निघाल्या, याचे उत्तर संबंधितांनी द्यावे.

– एक निवृत्त स्थापत्य अभियंता, सानपाडा, नवी मुंबई