गाडी मध्येच बंद पडते? आधी वही काढा

धंद्यासाठी घेतलेली जुनी व्हॅन चालता चालता बंद पडायला लागली की लगेच पार्ट बदलू नका. मी आधी फ्युएल पंप बदलला, मग कॉइल. पैसे गेले, दुखणं तिथंच! मग प्रत्येक वेळ वहीत लिहायला लागलो. दर वेळी इंजिन गरम. वीसेक मिनिटांत गार झालं की पुन्हा चालू. बंद पडल्यावर स्टार्टर मारला तर आरपीएमचा काटा हलायचा नाही, प्लगला स्पार्कही नाही. वही बघून मेकॅनिकने क्रँक सेन्सर तपासला. गरम झाला की सिग्नल तुटत होता. ‘बदलून बघू’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला पैसे देऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हो, इंजिन बंद पडलं की ब्रेक, पॉवर स्टेअरिंग जड होतात. दोष सापडेपर्यंत माल भाड्याच्या टेम्पोने पाठवा.